राहिलेला कान

कारकुनाने पाकीट उलटं केलं तेव्हा आतल्या अक्षता त्याच्या टेबलावर सांडल्या. त्या हाताने बाजूला सारून त्याने लग्नपत्रिका उघडली आणि चष्मा नीट बसवला.

"कैद्याचं नाव?"

"जालिंदर ज्ञानू सुतार."

"तुम्ही कोण त्याच्या?"

"बहीण. मालन. लग्न धाकट्या बहिणीचं आहे, अर्चनाचं. त्यासाठीच रजेचा अर्ज केलाय त्यानं आतनं. तुम्हीच म्हणालात, पत्रिका जोडायला लागते."

त्याने पत्रिकेवरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग ते बोट वरच्याच एका ओळीवर थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, परत पत्रिकेकडे बघितलं आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली.

"कदम, जरा इकडं या. गंमत बघा."

कदम आले. दोघांनी डोकी जवळ आणून वाचलं. कदम नाकातल्या नाकात हसले आणि तोंड फिरवून आपल्या जागेवर गेले.

"बाई," कारकून म्हणाला, "ह्यात तुमचा भाऊ मयत आहे."

"कोण?"

"तुमचा भाऊ. ही बघा ओळ. कै. धोंडीराम बाळा सुतार, कै. भागीरथी धोंडीराम सुतार, कै. जालिंदर ज्ञानू सुतार यांचे शुभाशीर्वादाने. आता मेलेल्या माणसाला आम्ही रजा कशी द्यायची, सांगा."

मी खिडकीतून हात घालून पत्रिका ओढून घेतली. आजोबा, आजी आणि त्यांच्या शेजारी दादा. आईचं नाव त्याखालच्या ओळीत. वरच्या तिघांची नावं एकाच तांबड्या शाईत, एकाच मापाच्या अक्षरांत.

तुम्ही विचाराल, बाई, तू पत्रिका आधी वाचली नव्हतीस का? नव्हती वाचली. आमच्यात पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवतात. दुसरी मी दादासाठी काढून घेतली होती. पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, आत अक्षता घातल्या आणि पाकीट बंद केलं. ज्याला बोलावणं आहे त्यानेच ते उघडायचं, अशी आमची रीत. ती रीत पाळायच्या नादात मी माझ्याच भावाच्या मरणाची खबर हळदकुंकू लावून जेलात घेऊन गेले होते.

"नवी पत्रिका आणा," कारकून म्हणाला. त्याचा आवाज आता जरा मऊ झाला होता, आणि मला त्या मऊपणाचाच जास्त राग आला. "नाव जिवंत माणसांत पाहिजे. सोमवारच्या आत. पुढं पोलिसांचा रिपोर्ट मागवायचा असतो, त्याला दिवस जातात. लग्नाला किती अवकाश आहे?"

"सोळा दिवस."

"मग सोमवार चुकवू नका. चुकला तर तुमचा भाऊ लग्नाला नाही, हे धरून चाला."

माझ्या मुठीत मुलाखतीची चिठ्ठी होती. बाहेर झाडाखाली शिपाई नंबर पुकारत होता आणि माझा नंबर आला होता. आत जाळीपलीकडे दादा उभा असणार होता, पत्रिका दिली का विचारायला. मी चिठ्ठी चुरगाळली आणि सरळ एसटी स्टँडची वाट धरली. सहा वर्षांत त्याला न भेटता परत फिरण्याची ती पहिली वेळ.

दादाने माणूस मारला होता. हे मी कधी लपवून सांगत नाही, निदान आता तरी नाही. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गावातल्या हणमंत पवारांच्या दाराची चौकट केली होती. चौकट तिरकी बसली म्हणून भांडण झालं, आणि पवारांनी चार माणसांत आबांच्या थोबाडीत मारली. दादा शेजारी वाकसाने लाकूड तासत बसला होता. त्याने तोच वाकस उचलला. एकच घाव. पवार तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले. दादाला जन्मठेप झाली. पवारांच्या घरावरून जाताना मी आजही मान वर करत नाही. पण भाऊ भाऊच राहतो, आणि आई गेल्यावर त्याच्याकडे जाणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून मी जात होते. महिन्यातून एकदा, सासरहून दोन एसट्या बदलून. मालेवाडीत, माझ्या सासरी, मी कंबरेच्या शेकाला जाते असं सांगायची. जेलच्या गावात खरोखरच एक हाडांचा दवाखाना होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या त्या कंबरेसाठी दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू करायच्या आणि सकाळी पहिला लाडू माझ्या हातावर ठेवायच्या.

दादाने आठ वर्षांत दोनदा रजा मागितली होती. दोन्ही वेळा पोलीस गावात चौकशीला आले आणि आबांनी "आम्ही सांभाळायला तयार नाही" असं लिहून दिलं. या वेळी मात्र दादाने हट्टच धरला होता.

"मालन, अर्चीच्या नवऱ्याचा कान मीच पिळणार," तो मागच्या मुलाखतीत म्हणाला होता. "दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट नांदव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं त्यातून सांगायचं असतं. सगळे हसतात, नवरदेव भावाला टॉवेल-टोपी देतो, दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांसाठी दादा महिनाभर अर्ज लिहीत होता. मी आबांच्या मागे लागून त्यांची संमतीची सही घेतली, स्वतः जामीनदार झाले आणि मला वाटलं, झालं.

त्या दुपारी मी थेट माहेरी गेले. दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. ओट्यावर आबा आणि तात्या, माझे चुलते, पत्रिकांवर नावं घालत बसले होते. अर्चना आत गव्हाचं पीठ चाळत होती. मी पत्रिका आबांच्या मांडीवर टाकली.

"दादा कधी मेला?"

आबांनी पत्रिका उलटी करून ठेवली. तात्यांनी शाईपेनाचं टोपण लावलं.

"बस आधी. पाणी पी," तात्या म्हणाले.

"दिवस कधी घातले? मला सांगावा न्हाई धाडला? सख्खी बहीण हाय म्या त्याची."

"आवाज खाली घे. पाव्हण्यांस्नी सांगितलंय आम्ही, पोरीचा थोरला भाऊ अपघातात गेला म्हणून. मेलेल्या माणसाबद्दल कुणी खोदून विचारत न्हाई. जेलात हाय म्हटलं असतं तर बोलणी तिथंच मोडली असती. अर्चनाचं वय किती झालंय ठावं हाय का तुला?"

"मग आबांनी रजेच्या कागदावर सही का केली?"

"तू डोकं खात हुतीस म्हणून केली," तात्या म्हणाले. "रजा मिळायची हुती व्हय? दोनदा मिळाली का? कागद घेऊन चार दिवस फिरशील, मग गप बसशील, असं वाटलं."

म्हणजे मला खेळवायला दिला होता तो कागद. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा," मी म्हटलं, "थोबाडीत तुमच्या बसली हुती. हात त्यानं तुमच्यासाठी उचलला. आन तुम्ही त्याला आजाच्या शेजारी नेऊन बसवला?"

आबांनी मान वर केली. त्यांचे डोळे कोरडे होते.

"म्या सांगितलं नव्हतं त्याला हात उचलायला," ते म्हणाले. "माझी एक थोबाडीत हुती. सोसली असती. दोन घरं गेली त्यापायी. आता तिसरं तरी उभं ऱ्हाऊ दे."

ते खरं होतं, म्हणून माझा राग आणखी वाढला. मी आत गेले. अर्चनाने चाळण खाली ठेवली नव्हती.

"तुला ठावं हुतं?" मी विचारलं.

"हुतं."

"आन तुला चाललं?"

"न चालून काय करू?" तिने चाळण एवढ्या जोरात आपटली की पीठ तिच्या केसांवर उडालं. "मला सव्विसावं लागलंय, अक्का. सात पाव्हणे बघून गेले. सातांनी गावात चौकशी केली आन सातांनी निरोप धाडला, पोरगी पसंत न्हाई. मी त्याला मारलं न्हाई. मी त्याला जेलात घातलं न्हाई. मग मी का बसू घरात?"

"दादानं तुला खांद्यावर बसवून शाळंला नेलंय गं."

"तू मला शिकवू नगंस," ती म्हणाली. आता ती अगदी हळू बोलत होती. "तुझ्या सासरी काय सांगितलंयस? गुजरातेत कंपनीत हाय ना आपला दादा? मी निदान मेलाय म्हणून सांगितलं. तू त्याला नोकरी लावलीस."

मी पाणी न पिता घरातून निघाले. एसटीत खिडकीशी बसून रस्ताभर मी अर्चनाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तात्यांना घातल्या, आबांना घातल्या. कंडक्टरने तिकिटाला दोनदा हाक मारली तेव्हा मी त्याच्यावरही खेकसले. जगात मी सोडून सगळे नालायक आहेत याची त्या दिवशी माझी खात्री पटली होती. मी जात होते, भेटत होते, खाऊ नेत होते. माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची प्राज्ञा होती?

शुक्रवारी आत्याबाईंना म्हटलं, शेक अर्धा राहिलाय, आणि पुन्हा गेले.

तेव्हा मुलाखत दुहेरी जाळीतून व्हायची. अलीकडे एक जाळी, पलीकडे एक जाळी, मध्ये हातभर मोकळी जागा आणि त्या जागेत फेऱ्या मारणारा शिपाई. आमच्या बाजूला वीस माणसं, त्यांच्या बाजूला वीस, आणि सगळे एकदम ओरडून बोलणार. कुणाची म्हैस व्यालेली असायची, कुणाच्या वकिलाने तारीख चुकवलेली असायची. आपल्या माणसाचा आवाज त्यातून वेचून घ्यावा लागायचा. सहा वर्षांत मला ते चांगलं जमायला लागलं होतं.

दादा आला. मानेवर भुसा होता, सुतारखात्यातून तसाच आला होता.

"परवा आलतीस आन भेटली न्हाईस?" तो ओरडला. "नाव पुकारलं म्हणून उभा हुतो की हितं."

"गाडी चुकत हुती," मी ओरडले.

"मालन, कदम सायबांनी सांगितलंय मला."

माझ्या हातातली जाळी मी घट्ट धरली.

"सगळ्या बराकीला सांगितलं त्यांनी," दादा म्हणाला. "जेवताना पोरं म्हणत्यात, कावळा शिवला का सुतार." आणि तो हसला. खरंच हसला. "पत्रिका आणलीस का? दाव."

"कशाला बघतोस?"

"दाव म्हणतो ना."

मी पत्रिका उघडून जाळीला लावली. शिपाई थांबला, त्याने बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला. दादाने पलीकडच्या जाळीला कपाळ टेकवलं आणि डोळे बारीक करून वाचत राहिला. बराच वेळ वाचत होता. माझे हात भरून आले, पण मी पत्रिका खाली घेतली नाही.

"आजीच्या बाजूला हाय व्हय मी," तो म्हणाला. "बरं हाय. छपाई चांगली केलीया."

"मी नवी छापून घेणार हाय," मी ओरडले. "तुझं नाव वरती घालणार हाय. अर्चीला आन तात्यांना बघते मी. लाज वाटाय पायजे त्यांना. जित्या माणसाला मारत्यात. असलं मन माझं तरी झालं नसतं."

दादाने कपाळ जाळीवरून काढलं. आता तो ओरडला नाही. नेहमीच्या आवाजात बोलला, आणि त्या सगळ्या कालव्यातून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"तुझ्या पत्रिकेत तर मी नव्हतोच, मालन. हिच्या निदान हाय."

मी पत्रिका जाळीवरून खाली घेतली.

"तुझं लगीन झालं तवा बराकीत मालेवाडीचा एक हुता," तो सांगत होता. "त्याच्या घरनं त्याला पोस्टानं पत्रिका आलती, गावातलं लगीन म्हणून. त्यानं वाचून दावली. मी म्हटलं, परत वाच. दोनदा वाचाय लावली मी. आबांचं हुतं, तात्यांचं हुतं, सुहासचं सुदिक हुतं. मला त्यो म्हणला, तुमच्या नात्यातले काय रं हे सुतार? मी म्हटलं, न्हाई. ह्यास्नी मी वळखत न्हाई."

माझ्या शेजारची म्हातारी तिच्या मुलाला स्वेटर पोचला का विचारत होती. तिने ते तीनदा विचारलं.

"एवढी वर्षं बोलला का न्हाईस?" मी विचारलं. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्याने माझ्या ओठांवरून ओळखलं असेल.

"तू येत हुतीस की," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दाजींचा कान कुणी पिळला तुझ्या लग्नात?"

"सुहासनं."

"तात्यांच्या सुहासनं? त्याला येतंय व्हय पिळाय." एवढं बोलून तो वळला. वेळ संपायला अजून पाच मिनिटं होती.

माझ्या लग्नाची पत्रिका मी वाचली होती. प्रूफ आलं तेव्हा आबांनी मलाच वाचायला दिलं होतं, कारण घरात शुद्धलेखन माझं चांगलं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. दादाचं नाव नाही हे मला दिसलं होतं. मला हायसं वाटलं होतं. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि खरं तर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तालुक्याच्या ज्या छापखान्यात पत्रिका छापल्या होत्या तिथे मी शनिवारी गेले. मालकाने पत्रिका हातात घेतली.

"ह्यात काय चुकलंय? तुमच्या चुलत्यांनी प्रुफावर सही केलीया, हे बघा."

"हे कै. काढायचं. नाव खाली निमंत्रकांत घालायचं, आबांच्या खालोखाल. वधूचे थोरले बंधू म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "अहो ताई, पण ते वारले ना?"

"उठून बसलेत."

"किती काढू?"

"एक."

"एका पत्रिकेला मशीन लागत न्हाई. शंभर तरी घ्यायला लागतील."

मी विचार केला. खरं तर विचार केला असं म्हणणं बरोबर नाही. रागाच्या भरात माणूस जे करतो ते मी केलं, फक्त या वेळी राग कुणावर आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

"लावा शंभर," मी म्हटलं.

एक पत्रिका जेलच्या कारकुनासाठी बाजूला ठेवली. उरल्या नव्याण्णव. रविवारी सकाळी मी आंघोळ करून त्यातल्या एकीला हळदकुंकू लावलं आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. माझे मालक विलास दाढी करत होते, आरशातून बघत होते. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने वाचतात.

"जालिंदर ज्ञानू सुतार. वधूचे थोरले बंधू." त्यांनी मान वर केली. "गुजरातेतनं येणार का त्यो लग्नाला?"

"गुजरातेत न्हाई, आत्याबाई. जेलात हाय. माणूस मारला त्यानं, आठ वर्षं झाली. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट हाय. मी दर महिन्याला त्यालाच भेटाय जाते."

"आन कंबर?"

"माझी कंबर कधी दुखलीच न्हाई."

विलासचा वस्तरा गालावर थांबला होता. आत्याबाईंनी पत्रिकेची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट गुडघ्यावर ठेवलं.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी चुलीपुढं बसून डिंक तळला."

भाऊ खुनी निघाला याचं त्यांना किती वाटलं, मला कधी कळलं नाही. लाडवांचं मात्र त्यांनी मरेपर्यंत धरून ठेवलं. त्यानंतर आमच्या घरात डिंकाचे लाडू झाले नाहीत. विलास तर त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचेच बंद झाले. जेवताना मीठ हवं असलं तर ते भिंतीला सांगायचे.

सोमवारी कारकुनाने नवी पत्रिका बघितली, "झाला जिवंत," म्हणाला आणि शिक्का मारला. पोलीस चौकशीला गावात आले तेव्हा मी आबांच्या शेजारी जाऊन बसले. आबांनी हवालदाराला काय सांगायचं ते एकदाही माझ्याकडे न बघता सांगितलं. "येऊ द्या," एवढंच.

बाकीच्या पत्रिका मी वाटल्या. गावात वाटल्या, मालेवाडीत वाटल्या, आणि पाच नवरदेवाच्या घरी टपालाने धाडल्या. आधी गेलेल्या पत्रिकेत मेलेला माणूस या पत्रिकेत निमंत्रक. तात्या आमच्या दारात येऊन मला नको नको ते बोलून गेले आणि लग्नाला येणार नाही म्हणाले. अर्चनाने निरोप धाडला, माझं लग्न मोडलं तर तुझं तोंड बघणार नाही. तिचा राग खोटा नव्हता. मी तिच्या गळ्याला सुरी लावली होती आणि ते मला कळत होतं. तरीही मी थांबले नाही. मी फार चांगलं वागले असं मी आजही म्हणत नाही.

नवरदेवाचे वडील दोन माणसं घेऊन आले. ओट्यावर बसून दोन तास आबांना झोडपत होते. आबा एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. शेवटी त्या गृहस्थांनीच पाणी मागितलं आणि म्हणाले, "सहा दिवसांवर आलंय, आमच्या हजार पत्रिका गेल्यात. आता मोडलं तर आमचं हसं हुतंय. पण सुतार, खोटं बोललात हे मी इसरणार न्हाई." ते विसरले नाहीत. अर्चनाला पहिली दोन वर्षं त्या घरात जड गेली. नवरा मात्र, प्रदीप, चांगला निघाला. त्याने तिला निरोप धाडला होता, भावाला म्हणावं कान जरा बेतानं पिळ.

लग्नाच्या दिवशी अकरा वाजता जीप आली. दादाबरोबर साध्या कपड्यांतले दोन पोलीस होते. संध्याकाळी पाचच्या आत त्याला परत नेऊन घालायचं होतं. त्याच्या अंगात आठ वर्षांपूर्वीचा पांढरा शर्ट होता. आईने ट्रंकेत ठेवलेला तो मीच नेऊन दिला होता. तो खांद्यात घट्ट झाला होता. मांडवातली माणसं बोलायची थांबली. दादाने चप्पल काढली आणि आबांच्या पाया पडला. आबांनी मांडवाचा वासा एका हाताने धरून ठेवला होता. दुसरा हात त्यांनी दादाच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

विलास आले होते. मला वाटलं नव्हतं येतील. आत्याबाईंना घेऊन आले होते आणि दुसऱ्या रांगेत बसले होते, माझ्याकडे न बघता.

अक्षता पडल्या. मग भटजींनी नवरीच्या भावाला बोलावलं. मांडवात कुजबूज झाली आणि थांबली. दादा पुढे झाला, प्रदीपच्या मागे उभा राहिला आणि त्याने त्याचा उजवा कान धरला. रंधा मारलेल्या फळीवरून सुतार बोट फिरवतो तेवढ्याच हलक्या हाताने तो पिळला. प्रदीपने उगीच "आई गं" केलं. बायका हसल्या. अर्चनाने मान खाली घातली आणि तिच्या मुंडावळ्या हलायला लागल्या. प्रदीपने टॉवेल-टोपी दिली. दादाने टोपी तिथेच डोक्यावर घातली.

मला वाटलं, झालं. दादा आता पोलिसांजवळ जाऊन बसेल. तो गेला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून तो माणसांच्या मधून वाट काढत दुसऱ्या रांगेपाशी आला आणि विलासपुढे उभा राहिला. दोघांनी एकमेकांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"दाजी," दादा म्हणाला, "तुमचा राहिलाय."

विलास बसूनच राहिले. त्यांच्या शेजारी आत्याबाई होत्या. त्यांनी लेकाच्या पाठीला कोपर लावलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पाच वाजता जायचंय त्याला."

विलास उठले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि मान जरा कलती केली. दादाने कान धरला. हा कान त्याने हलक्या हाताने पिळला नाही. मुळापासून पिळला आणि धरून ठेवला. विलासच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ते हलले नाहीत. आधी चारदोन जण हसले होते, ते गप्प झाले. एक पोलीस खुर्चीवरून अर्धा उठला आणि परत बसला.

पिळताना दादा दाजींकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याने कान सोडेपर्यंत मीही त्याच्याकडे बघत राहिले.